बटण पेरून सदरा उगवताना : मूकपटाच्या धाटणीची स्टॉप-मोशन विनोदी फिल्म, टप्प्याटप्प्याने

मूकपटासारखी छोटी विनोदी फिल्म करायला बसलेले बहुतेक जण आधी स्टॉप-मोशनला, म्हणजे वस्तू थोडीथोडी सरकवत एकेक फोटो काढून ती पडद्यावर हलवायला घेतात. आठवडाभर एकेक फोटो काढून रोप उगवतात, खुर्ची चालवतात, आणि मग नटाला बोलावून त्याचे शॉट त्याला जुळवायला जातात. ते जुळत नाहीत. कॅमेरा बोटभर सरकलेला असतो, उजेड बदललेला असतो, नटाच्या हाताचा वेग वेगळा असतो. प्रेक्षकाला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण तो हसत नाही. या प्रकारातला विनोद एका सांध्यावर उभा असतो : खरा माणूस जिथे थांबतो आणि अशक्य गोष्ट जिथे सुरू होते, तो सांधा. म्हणून कामाचा क्रम त्या सांध्याभोवती लावायचा.

नमुन्याला तीन मिनिटांची एक गोष्ट घेऊ. एका माणसाच्या सदऱ्याचं बटण तुटतं. तो ते कुंडीत पेरतो. रोप येतं, रोपाला इवले सदरे लागतात, त्यातला एक पिकून मोठा होतो. तो तोडून अंगात घालतो, तर त्याला एकच बटण कमी असतं : पेरलेलं.

टप्पा १ : जगाचा एकच नियम मोडा

कागदावर एका ओळीत लिहा : या जगात कोणती एक गोष्ट वेगळी आहे? आपल्या गोष्टीत ‘पेरलं ते उगवतं’ एवढंच. बाकी सगळं रोजच्यासारखं. रोपाला वेळ लागतो, फळ पिकावं लागतं, बी गेलं म्हणून फळात ते नाही.

अमेरिकेत मूकपटांच्या काळातला विनोदी नट आणि ॲनिमेटर चार्ली बॉवर्स याने १९२६ साली केलेल्या ‘एग्ड ऑन’मध्ये मोटारीच्या इंजिनाशी ठेवलेली अंडी उबेने फुटतात आणि आतून छोट्या मोटारी बाहेर येतात. मग त्या पिलांसारख्या मोठ्या मोटारीच्या पोटाखाली जातात. मोटार कोंबडीसारखी वागते, हा एकच बदल. पुढचं सगळं खुराड्यातलं असावं तसं घडतं. स्वैर कल्पना आणि नुसता गोंधळ यांतला फरक इथेच आहे. आपल्या फिल्ममध्ये सदरा उगवतो म्हणून कुंडीही चालू लागली, तर दोन्ही गमती मरतात.

दुसरं, नटाने चकित व्हायचं नाही. तो माळ्यासारखा वाट बघतो, सदरा पिकलाय का ते कॉलर चिमटून बघतो. डोळे विस्फारणं प्रेक्षकासाठी राखून ठेवा.

टप्पा २ : आकडे आधी ठरवा

इथे सर्वांत जास्त चुका होतात. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात दांड्याच्या एका फेऱ्यात ८ चित्रं निघत, सेकंदाला दोन फेरे म्हणजे १६ चित्रं. दाखवताना रीळ बहुधा त्याहून वेगाने चालवलं जाई, म्हणून हालचाल थोडी चटपटीत दिसते. ट्रिकसाठी एका फेऱ्यात एकच चित्र देणारा वेगळा दांडा असे. आज हाच परिणाम हवा असेल तर सेकंदाला २४ किंवा २५ चित्रांचं (फ्रेमचं) चित्रीकरण घेऊन एडिटिंगमध्ये ‘स्पीड १५०%’ करू नका. फ्रेम असमान गळतात आणि चाल अडखळते.

त्याऐवजी असं करा :

- एडिटिंगची टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेमची, चौकट ४:३, म्हणजे १४४० × १०८०.
- नटाचे शॉट सेकंदाला ५० फ्रेमने, शटर १/५० (प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड).
- एडिटिंगमध्ये प्रत्येक तिसरी फ्रेम ठेवा. क्लिप २५ची म्हणून वाचायला लावा आणि वेग ३००% द्या. फ्रेम ब्लेंडिंग, म्हणजे शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळणं, बंद.

५० भागिले ३ म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ चित्रं. ती २५च्या वेगाने चालली की हालचाल बरोबर दीडपट होते आणि एकही फ्रेम वेडीवाकडी गळत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे १/५० शटरला दिव्याचे पट्टेही येत नाहीत.

याचा अर्थ, नटाचे ६ सेकंद पडद्यावर ४ सेकंद होतात. हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

ॲनिमेशनसाठी दोन वेग. शांत हालचालीला प्रत्येक फोटो दोन फ्रेम धरा, सेकंदाला साडेबारा फोटो. वेगवान हालचालीला आणि नटाच्या शॉटला थेट चिकटणाऱ्या तुकड्यांना एका फ्रेमला एक फोटो, सेकंदाला २५. तीन मिनिटांत ॲनिमेशन ४० सेकंदांपेक्षा जास्त घेऊ नका. त्यातले १५ सेकंद एका फ्रेमला एक फोटो (३७५ फोटो) आणि २५ सेकंद दोन फ्रेमला एक फोटो (सुमारे ३१३ फोटो) असे धरले तर सातशेच्या आसपास फोटो होतात. एका फोटोला दोन-तीन मिनिटं लागतात. म्हणजे चार-पाच दिवसांचं काम, तेही सगळं नीट झालं तर.

टप्पा ३ : शॉटची यादी, आणि सांध्यावर लाल खूण

गोष्टीच्या क्रमाने नव्हे, कॅमेऱ्याच्या जागेप्रमाणे यादी करा. एका जागेवरून लागणारं सगळं एकाच बैठकीत उरकायचं. सांध्याच्या शॉटवर लाल खूण करा, त्यांचा क्रम ठरलेला आहे :

१. नट बटण पेरतो, माती थोपटतो, हात चौकटीबाहेर नेतो (व्हिडिओ).
२. कॅमेऱ्याला कोणीही हात लावत नाही.
३. माती हलते, रोप येतं, सदरे लागतात (फोटो).
४. कॅमेऱ्याला अजूनही कोणी हात लावलेला नाही.
५. नटाचा हात येतो आणि सदरा तोडतो (व्हिडिओ).

पहिला आणि पाचवा शॉट यांच्यामध्ये दोन दिवस जाऊ शकतात. नटाला ते आधी सांगा. मधल्या दिवसांत त्याने दाढी आणि केस तसेच ठेवायचे, सदऱ्याची बाही किती घड्या दुमडली होती ते वहीत लिहायचं.

> सावध : पाणी घालण्याचा शॉट या कोनातून घेऊ नका. माती ओली झाली की गडद दिसते, दिव्याखाली सुकत जाते, आणि ॲनिमेशनभर कुंडीचा रंग हळूहळू उजळत राहतो. झारीचा शॉट जवळून, वेगळ्या कोनातून आणि सर्वांत शेवटी घ्या.

टप्पा ४ : टेबल, कॅमेरा, दिवे

टेबल जड हवं. वर १८ मिमी प्लायवुड स्क्रूने आवळा. जमीन फरशीची असावी. माळ्यावरची लाकडी तक्तपोशी माणूस चालला तरी हलते. ट्रायपॉडचे पाय सर्वांत बुटके ठेवा, मधल्या दांड्याला पाच किलो वाळूची पिशवी लावा आणि पाय गॅफर टेपने जमिनीला चिकटवा. टेपच्या कडेने पेनने रेघही मारा, म्हणजे कोणाचा पाय लागला तर कळेल.

कॅमेऱ्यात ऑटो म्हणून जे जे आहे ते बंद : फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), एक्स्पोजर. लेन्सचं स्टॅबिलायझेशनही बंद, कारण ट्रायपॉडवर ते चौकट हळूहळू तरंगवतं. बॅटरीऐवजी अडॅप्टर लावा. बॅटरी बदलायला कॅमेरा उचकटणं हे चौकट सरकण्याचं सर्वांत नेहमीचं कारण आहे. शटर रिमोटने किंवा कॉम्प्युटरवरून दाबा. ड्रॅगनफ्रेम हे स्टॉप-मोशनचं सॉफ्टवेअर असेल तर उत्तम. फोनवरच करायचं असेल तर स्टॉप मोशन स्टुडिओ हे ॲपही चालतं, मात्र फोन घट्ट पकडणारा होल्डर हवा.

फ्लिकर, म्हणजे फोटोगणिक उजेड कमीजास्त होणं, याची मुळं वेगवेगळी असतात. ती एकेक करून काढावी लागतात :

- खिडकी. पडदा पुरत नाही. जाड पुठ्ठा लावून फटींना काळा टेप.
- लेन्सचं छिद्र (ॲपर्चर). डिजिटल लेन्स प्रत्येक फोटोला ॲपर्चर बंद-उघड करते आणि दरवेळी किंचित वेगळं बंद करते. हाताने ॲपर्चर फिरवायची जुनी लेन्स वापरा.
- डिमर लावलेले एलईडी. दिवा पूर्ण चालू ठेवा आणि उजेड कमी करायला पुढे पांढरं कापड धरा.
- तुम्ही. पांढरा शर्ट घालून टेबलाजवळ उभं राहिलात तर तो उजेड परतवतो. गडद कपडे घाला, आणि प्रत्येक फोटोला त्याच खुणेवर मागे सरका.

पंखा बंद. इवल्या सदऱ्याच्या बाहीला पंख्याचं वारं पुरतं.

आता व्हिडिओ आणि फोटो यांचा मेळ. छिद्र दोन्हीत तेच ठेवा, नाहीतर मागची भिंत कधी धूसर, कधी स्पष्ट दिसेल. व्हिडिओला शटर १/५०, छिद्र एफ ५.६, आयएसओ ८०० असेल तर फोटोला एफ ५.६, आयएसओ १००, शटर साधारण १/६. आयएसओ आठ पट कमी, वेळ आठ पट जास्त, उजेड तेवढाच.

> तपासणी : बऱ्याच कॅमेऱ्यांत ५० फ्रेमच्या व्हिडिओला चौकट आत कापली जाते, फोटोला पूर्ण मिळते. चौकटीच्या डाव्या-उजव्या कडेला दोन टाचण्या रोवा. एक व्हिडिओ आणि एक फोटो घेऊन दोन्ही एडिटिंगमध्ये एकावर एक ठेवा. किती टक्के मोठं केल्यावर टाचण्या जुळतात तो आकडा लिहून ठेवा. हे नटाला बोलावण्याच्या आदल्या दिवशी करायचं.

टप्पा ५ : रोप, पानं आणि सदरे

रोप खऱ्या झाडाचं करू नका. दादासाहेब फाळके यांनी पहिला कथापट काढण्याआधी वाटाण्याचा वेल रोज थोडाथोडा टिपून त्याची वाढ पडद्यावर दाखवली होती. तो निसर्गाचा वेग आहे, तो विनोदाच्या वेळेवर थांबत नाही. आपल्याला रोप बरोबर चौथ्या सेकंदाला थबकायला हवंय.

कुंडी. मातीची, ८ इंची, बूड कापलेली. खाली प्लायवुडला २० मिमी भोक. त्यातून प्लास्टिकच्या अरुंद पाइपचा तुकडा मातीच्या पातळीपर्यंत आणा. पाइपच्या वरच्या तोंडात स्पंजचा बोळा, म्हणजे देठ घसरून खाली जाणार नाही. माती चाळून फेविकॉलमध्ये कालवा आणि वर सुकवून घट्ट पापुद्रा करा. मधली पाच सेंटिमीटर जागा तेवढी सुटी माती. सगळीच सुटी ठेवली तर प्रत्येक स्पर्शाला पृष्ठभाग बदलतो आणि पडद्यावर कुंडीत मुंग्या वळवळल्यासारखं दिसतं.

देठ. २ मिमी ॲल्युमिनियम तारेच्या दोन पदरांना पीळ द्या. पीळ सैल ठेवा. फार घट्ट पीळ दिलेली तार लवकर मोडते. वर कापडी टेप गुंडाळा. मागच्या बाजूला दर ५ मिमीवर पेनने खूण करा. देठ टेबलाखालून वर ढकलायचा आहे, म्हणून खाली स्टीलची पट्टी उभी चिकटवा आणि देठाला तिच्यावर वाचता येईल असा काटा लावा. तयार देठ दोन करा. एक मोडणारच.

पानं. ती पाइपमधून येणार नाहीत. प्रत्येक पानाचे सहा आकार कापा, कोंबापासून पूर्ण पानापर्यंत, आणि दर दोन-तीन फोटोंनी मेणाच्या थेंबावर एक काढून पुढचा चिकटवा.

सदरे. जुन्या धुतलेल्या सुती कापडाचे, ४, ७ आणि ११ सेंटिमीटरचे. नव्या कापडाला चमक असते, ते टाळा. खालच्या शिवणीत आणि बाह्यांत अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची तार घाला. कापडाला खळ देऊ नका, पावसाळ्यात ती ओल धरते आणि दुपारपर्यंत बाही लोंबते. एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी यात बुडवून वाळवा. अकरा सेंटिमीटरनंतरचा मोठा सदरा कापडाचा वाढवत बसायचं नाही. नट मध्ये येऊन पाठ करून उभा राहतो, बाजूला होतो, तेव्हा तिथे खरा सदरा टांगलेला असतो.

बटण मोठं घ्या, कोटाचं, २५ मिमीचं. शर्टाचं नेहमीचं बटण लांबच्या शॉटमध्ये दिसतच नाही, आणि या फिल्मचा शेवट त्याच्यावर आहे.

> तपासणी : सगळ्या वस्तू एकत्र ठेवून कृष्णधवल फोटो काढा. त्या काळातल्या बऱ्याच फिल्मला लाल रंग काळा आणि निळा फिकट दिसे. तो पोत हवा असेल तर रूपांतर करताना लाल कमी, निळा जास्त ठेवा. मग लाल बटण आणि तपकिरी माती एकमेकांत मिसळतात का ते बघा. मिसळत असतील तर बटण फिकट निळं घ्या.

टप्पा ६ : नटाचा शॉट

मूकपटाचा मोठा फायदा म्हणजे चित्रीकरण चालू असताना ओरडता येतं. दिग्दर्शकाने मोठ्याने आकडे मोजावेत : ‘एक, हात मातीवर. दोन, थोपट. तीन, थोपट. चार, हात बाहेर. पाच, सहा, बघत राहा.’ ऑडिओ चालू ठेवा. फिल्ममध्ये तो जाणार नाही, पण फोटो मोजताना तुमचं घड्याळ तेच.

नट हमखास एक चूक करतात. जुने चित्रपट पळताना पाहिलेले असतात, म्हणून स्वतःच पळायला लागतात. वेग आपण नंतर देणार आहोत. त्यांना रोजच्यापेक्षा किंचित सावकाश आणि एका वेळी एकच गोष्ट करायला सांगा : आधी बघणं, मग हात, मग चालणं.

जे अजून उगवलेलं नाही त्याकडे नटाला बघायचंय. काठीला पांढऱ्या दोऱ्याचं रीळ बांधून त्याच उंचीवर चौकटीबाहेर धरा आणि मोजण्याबरोबर वर न्या. नुसतं ‘वर बघ’ म्हटलं तर नजर भलत्याच उंचीवर जाते.

हात बाहेर गेल्यावर रिकाम्या कुंडीचं चित्रीकरण आणखी दहा सेकंद चालू ठेवा. सांधा तिथे बसणार आहे. लगेच, काहीही न हलवता, त्याच कुंडीचे पाच फोटो काढा.

टप्पा ७ : रोप उगवणं

उंची ३६ सेंटिमीटर, वेळ ४ सेकंद, फोटो १००. एकसारखे ३.६ मिमी सरकवलंत तर रोप लिफ्टसारखं वर येईल. वाटणी अशी करा :

- फोटो १ ते १० : १ मिमी
- ११ ते २० : २ मिमी
- २१ ते ८० : ५ मिमी
- ८१ ते ९० : २ मिमी
- ९१ ते १०० : १ मिमी

बेरीज १० + २० + ३०० + २० + १० = ३६० मिमी.

याच्या आधी १२ फोटोंत सुटी माती मध्यभागी टाचणीने हळूहळू फुगवा. प्रेक्षकाची नजर तिथे आली नाही तर पहिला कोंब त्याच्या हातून निसटतो. शेवटच्या फोटोनंतर शेंडा थोडा पुढे, मग मागे, मग मधे : सहा-आठ फोटो पुरतात. या झोकाने रोपात जीव येतो, तो गाळू नका.

माणसं दोन लागतात. एक टेबलाखाली पट्टी वाचून देठ ढकलतो, दुसरा वर शेंडा सरळ करून फोटो काढतो. खालचा माणूस ‘झालं’ म्हणेपर्यंत वरच्याने शटर दाबायचं नाही. दर फोटोला वहीत एक उभी रेघ मारा. जेवायला उठायचं असेल तर रोप थांबलेलं असतानाच उठा. हालचालीच्या मधोमध थांबलात तर तार तेवढ्या वेळात थोडी खाली बसते आणि परत आल्यावर झटका दिसतो.

सदरा स्थिर लोंबतोय अशा जागी एकच फोटो लांबवू नका, चित्र गोठल्यासारखं वाटतं. त्याच अवस्थेचे तीन वेगळे फोटो घ्या आणि आलटून पालटून वापरा.

> सावध : एखाद्या फोटोत बोट आलं किंवा टाचणी राहिली, तर तो एकच फोटो गाळा. आधीची स्थिती परत जुळवून पुन्हा काढायला जाऊ नका. एक फ्रेम कमी झालेली कोणालाही दिसत नाही, चुकीची जुळवलेली दिसते.

टप्पा ८ : तोडणं

देठाला आता टेबलाखालून क्लॅम्प लावा. सदरा देठाला एका कच्च्या दोऱ्याने बांधा, एका हिसक्यात तुटेल असा. नट सरळ ओढू लागला तर सगळं रोप वाकतं. त्याला आंबा तोडतात तसं आधी पिरगळायला सांगा. हा शॉट एकाच प्रयत्नात होईल असं धरू नका, कच्चे दोरे पाच-सहा तयार ठेवा.

सदरा अंगात घालून बटणं लावण्याचा शॉट जवळून, न कापता. नट वरून खाली एकेक बटण लावत येतो, छातीवरच्या दुसऱ्या काजाशी बोटं थांबतात, चाचपतात. मग तो कुंडीकडे बघतो. इथे पाटी, म्हणजे मूकपटात मधे येणारी मजकुराची चौकट, टाकायचा मोह होतो. टाकू नका.

टप्पा ९ : जोडणी आणि पाट्या

सांधा रिकाम्या कुंडीवर द्या, हात बाहेर गेल्यानंतर पाच-सहा फ्रेमनी. टाचण्यांवरून काढलेलं प्रमाण लावा. उजेडात थोडा फरक उरतोच, तो कुंडीच्या कडेचा करडा रंग बघून जुळवा, नटाच्या चेहऱ्यावरून नाही.

जुन्या फिल्मचा कण आणि चौकटीची बारीक थरथर (१०८०च्या चौकटीत एक-दोन पिक्सेल) सर्व तुकडे जोडून झाल्यावर, सगळ्यावर एकदमच घाला. फक्त नटाच्या शॉटवर घालून ॲनिमेशन स्वच्छ सोडलं तर सांधा उघडा पडतो. नीट घातली तर हीच थरथर उरलेसुरले दोष झाकते. ओरखड्यांचे तयार फिल्टर मात्र घेऊ नका, तेच तेच ओरखडे फिरून येतात आणि लक्ष तिकडे जातं.

पाट्या पाच-सहा पुरतात. काळ्यावर फिकट करडी अक्षरं, एका पाटीत दहा शब्दांपर्यंत. वेळ मोजायला स्टॉपवॉच घेऊन पाटी सावकाश, मोठ्याने, दोनदा वाचा. गंमत घडण्याआधी ती सांगणारी पाटी काढून टाका. ‘काही दिवसांनी’ चालेल, ‘आणि मग चमत्कार झाला’ नाही.

संगीत घालण्याआधी ही जोडणी गोष्ट माहीत नसलेल्या दोघा-तिघांना पूर्ण शांततेत दाखवा. दोन ठिकाणी त्यांच्या चेहऱ्याकडे बघा : माती फुगते तिथे आणि बोटं रिकाम्या काजाशी थांबतात तिथे. पहिल्या ठिकाणी कपाळाला आठी पडली तर सांधा दिसतोय. दुसऱ्या ठिकाणी कोणी ‘काय झालं?’ विचारलं तर बटण आधी पुरेसं जवळून दाखवलेलं नाही, तो एक शॉट पुन्हा घ्यावा लागेल. म्हणून हे दाखवणं होईपर्यंत टेबल मोडू नका, दिवे आणि ट्रायपॉड जागचे हलवू नका, आणि कुंडीतली माती तशीच राहू द्या.